बोकड पुढे, कळप मागे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ज्यांचं नाव सून या नात्याने मला उच्चारता येत नाही पण जे या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक आहे. नारीन शहरातून खास आलेले पाहुणे बेक्तुरगान साहेब. कुरण समितीचे सन्माननीय सदस्य. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या थोरल्या ताई, सोनुनबुबु एजे. मागच्या रांगेत लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या जावानणंदा. आणि बाहेर कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी पिशवी उघडल्याचा वास आल्यापासून माझ्याकडे घड्याळ दाखवणाऱ्या सर्व ज्येष्ठ मंडळींना माझा नमस्कार.

एजेंविषयी मी काय बोलावं? आपल्या गावात त्या आल्या तेव्हा आपली अवस्था काय होती, आठवतं? पुरात नदीवरचा पूल वाहून गेला होता. वरचं उन्हाळी कुरण आपल्यापासून तुटलं, आणि साऱ्या गावाची मेंढरं, गाई, घोडे बारमाही खालच्याच उतारावर. उतार कसा दिसायचा? न्हाव्याने नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखा! झऱ्याचं पाणी करंगळीएवढं झालं होतं. वसंतात कोकरं जन्मायची आणि उभीच राहायची नाहीत. ते दिवस हसण्याचे नव्हते.

एजे आल्या गुरांच्या डॉक्टर म्हणून. आपण त्यांना कुरण समितीचं प्रमुख केलं, खरं सांगायचं तर दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, "गाय रवंथ करताना ढेकर देते. त्यातला वायू वर जातो, हवा तापते, आणि आपल्या डोंगरावरचा बर्फ मागे सरतो."

माझ्या सासूबाई, त्या तिथे खिडकीशी बसल्यात, उठून म्हणाल्या, "मग काय बाई, गाईला जिरं चारू?"

सभा लोळली. सगळ्यात जास्त हसल्या त्या एजेच. मग डोळे पुसत म्हणाल्या, "जिरं नको, अपा. अर्धपोटी गाय वर्षभर ढेकर देते आणि दूध देते वाटीभर. अशा चार पोसण्यापेक्षा धडधाकट दोन ठेवा. त्यांना एस्पार्सेटचा चारा पेरा. ढेकर कमी, दूध जास्त. आणि मुख्य म्हणजे खालच्या उताराला उन्हाळाभर श्वास घेऊ द्या."

"आणि तोवर आम्ही कळप काय छपरावर चारायचे?" हा प्रश्न कुणी विचारला ते मी सांगणार नाही. अध्यक्ष महाराज गालात हसत आहेत, तेवढं पुरे.

एजेंनी वाद घातला नाही. पूल बांधायला घेतला. ओंडके आणायला त्या स्वतः घोड्यावर पुढे. आम्ही बायका रोज भाकरी आणि चहा घेऊन जायचो. पुरुष आधी बघायला आले आणि मग लाजेकाजेने दोर ओढायला लागले. फक्त आमचे अता, म्हणजे माझे सासरे, आजचे अध्यक्ष, फिरकले नाहीत. "माझा घोडा पुलाशिवाय नदी ओलांडतो," म्हणायचे. गावातला सगळ्यात मोठा कळप त्यांचा. ते खाली राहिले असते तर उताराला विसावा कसला मिळणार?

पूल झाला. कळप वर न्यायचा दिवस उजाडला, आणि मेंढरं पुलाच्या तोंडाशी अडली! नव्या फळ्या, खालून गरजणारं पाणी. ओढा, ढकला, शिव्या घाला, एक पाऊल टाकेनात. पाहुण्यांना वाटेल मी तिखटमीठ लावतेय, पण सकाळची दुपार झाली. शेवटी एजे तशाच चिखलाच्या बुटांनी आमच्या दारात आल्या आणि अतांना थोरल्या भावासारखी हाक मारली.

"अके, तुमचा म्होरक्या बोकड द्या. पुलावरून तोच जाईल."

अता चहा पीत होते. म्हणाले, "तो माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

"मग तुम्हीपण चला."

"आणि माझा कळप? तो बोकडाशिवाय राहत नाही."

"त्यालाही आणा," एजे म्हणाल्या. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही हो!

अतांनी पेला खाली ठेवला. आणि ते एकदम हसत सुटले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तासाभरात बोकड पुलावरून ऐटीत चालला होता, मागे आमचा कळप, त्यामागे साऱ्या गावाचा. पलीकडे बायकांनी शुभ म्हणून दही शिंपडलं, आणि एजे कठड्याला टेकून लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या.

त्यानंतरचं तुम्ही सारे जाणता. उतारावर गवत परतलं. झऱ्यावर आता दोन बादल्या शेजारी शेजारी भरतात. आमच्या घरी ढोरं निम्मी झाली आणि दुधाचं भांडं मोठं घ्यावं लागलं. एस्पार्सेट गुलाबी फुलतं तेव्हा सासूबाई मधमाश्यांशी गप्पा मारतात.

आता एजे निवृत्त होतायत आणि समितीने त्यांच्या जागी मला निवडलंय. या वसंतात एजे आणि मी उताराच्या फाटकाशी उभ्या होतो, आणि चराई सुरू व्हायच्या मुदतीआधीच एक कळप आला. आमचाच. पुढे घोड्यावर अता. मी एजेंकडे बघितलं, तर बाई दोन पावलं मागे सरकल्या! म्हणाल्या, "बोल. आता फाटक तुझं."

सुनेने सासऱ्याला भर रस्त्यात अडवायचं? तरी बोलले. "अता, मागे फिरवा. गवताने अजून मुळं धरली नाहीत. थोडं थांबलात तर पोटभर मिळेल."

त्यांनी घोडा वळवला. मला वाटलं, आता घरी माझं काही खरं नाही. घरी गेले तर ते सासूबाईंना सांगत होते, "आज फाटकावर मला कुणी अडवलं माहितीये? आपल्या सुनेने! आवाजसुद्धा कापला नाही तिचा." आणि मग अंगणातून जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून त्यांनी हेच पुन्हा सांगितलं.

एजे, आवाज कापला होता. तुम्ही मागे उभ्या होतात म्हणून तो कुणाला ऐकू गेला नाही.

तुम्ही आम्हाला हिरवा उतार दिलात, त्याचे आभार मानायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ तहान दाबून बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुणाची थट्टा जरा जास्त झाली असेल, तर घरचीच लेक समजून पोटात घाला, ही विनंती.