फक्त घरीच अडते

मुलगा : पुरे आता, आई, बॅटरी उतरेल. काका, तुम्ही तरी सांगा हिला. गाडी म्हातारी झालीय, काढून टाकूया.

मेकॅनिक : काढायची तर उद्याही काढता येईल. वहिनी, सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली की काय होतं? जसं होतं तसं सांगा.

आई : लगेच सुरू होते. मी पट्टा लावेपर्यंत आचके देते आणि बंद. मग कितीही फिरवा, नुसती घरघर.

मुलगा : क्लच नीट सोडत नसशील. बाबा होते तोवर एकदाही अडली नाही.

आई : क्लचला पाय लागायच्या आधीच बंद पडते रे.

मेकॅनिक : बॅटरी ठणठणीत आहे. प्लगही बघितले, ठिणगी चांगली पडतेय. बाजारातून निघताना अडते?

आई : कधीच नाही. मावशीच्या दारात तर रात्रभर उभी होती, सकाळी एका किल्लीत सुरू.

मुलगा : आणि मंगळवारी? मावशी प्लास्टरचा पाय घेऊन दवाखान्याच्या बाकावर तुझी वाट बघत ताटकळत बसली. शेवटी मला ऑफिस सोडून पळावं लागलं.

आई : मंगळवारी गाडी इथून हललीच नाही. मी तेच सांगतेय, ती फक्त घरीच अडते.

मेकॅनिक : फक्त घरीच? घरी लावता कशी?

आई : ही अशी. सरळ आत.

मेकॅनिक : म्हणजे चढावर, तोंड वर. आणि दादा कशी लावायचे?

मुलगा : बाबा नेहमी रिव्हर्स घ्यायचे. तोंड रस्त्याकडे. त्याचा काय संबंध?

मेकॅनिक : टाकी मागे असते. अशी लावली की टाकी खाली जाते. पाइपला चीर असेल तर हवा शिरते आणि पाइपातलं पेट्रोल रात्रभरात मागे उतरतं. पुढे घोटभर उरतं, त्यावर सुरू होते. ते संपलं की बंद. हा बघ फिल्टर, कोरडा. जरा टॉर्च धर इकडे. दिसली चीर? पाइप वाकवला की उघडतेय.

मुलगा : ही आत्ता पडली?

मेकॅनिक : छे! रबर पार कडक झालंय. दादांच्या वेळचीच आहे. वहिनी, तेव्हा पेट्रोलचा वास यायचा?

आई : यायचा की. मी म्हणायचे त्यांना. ते म्हणायचे, जुनी गाडी म्हटल्यावर वास येणारच.

मेकॅनिक : मग झालं. तेव्हा टाकी वर असायची, पेट्रोल मागे न जाता चिरेतून झिरपायचं. गाडी तेव्हाही आजारीच होती, फक्त खोकत नव्हती. नवा पाइप टाकतो. पण खरं काय ते उद्या सकाळीच कळेल. लावा अशीच, तोंड वर.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडी त्याच जागी.)

मेकॅनिक : जाता जाता थांबलो. फिरवा किल्ली.

आई : झाली सुरू. पट्टा लावते हं... लावला. चालू आहे अजून!

मेकॅनिक : आता काय धाड भरलीय तिला! चला, गॅरेज उघडायचंय.

मुलगा : थँक्यू, काका. ...आई, मी त्या माणसाला नाही म्हणून कळवलं.

आई : कुठल्या माणसाला?

मुलगा : रविवारी गाडी बघायला येणार होता.

आई : मला न विचारता?

मुलगा : हो. मंगळवारी घाबरलो गं. वाटलं, तुला आता झेपत नाही.

आई : मलाही तसंच वाटायला लागलं होतं. तू सारखं म्हणायचास, तुझंच काहीतरी चुकतंय. मग मी पण आपल्याच पायांकडे बघत बसायचे.

मुलगा : चुकलं माझं. ...पण तू रिव्हर्स का नाही लावत?

आई : येत नाही. बाबांनी एकदा शिकवायला घेतलं, मी फाटकाला घासली. पुन्हा विषयच निघाला नाही.

मुलगा : मी शिकवतो.

आई : ओरडशील.

मुलगा : नाही ओरडणार.

आई : तेही असंच म्हणाले होते. ...बस शेजारी. आणि हळू बोल.