पुतळ्याची पाठ

...तर पुतळ्याला माझी ना नाही, तुम्हाला सांगतो, मोर्वाल मोठाच नट, साठ सिनेमे केले, तो गेला तेव्हा अख्खा फ्रान्स रडला, आमची बायको ओदिल तर स्वतःच्या बापासाठी रडली नव्हती इतकी रडली. पण पुतळा बसवला आमच्याच धक्क्यावर, आणि तो कुठला? त्या गाजलेल्या सिनेमाच्या शेवटातला, समुद्राकडे चालत निघालेला, पाठमोरा. आणि ती पाठ कुणाची? माझी.

हसू नका. चाळीस वर्षांपूर्वी इथंच शूटिंग होतं, शेवटचा दिवस, आणि मोर्वालसाहेबांनी आदल्या दिवशी अर्धी टोपली शिंपल्यातली कालवं हाणलेली, पोट बिघडून हॉटेलात आडवे. मी आपला हेरिंग माशांच्या पेट्या उतरवतोय, तर दिग्दर्शक म्हणतो, "उंची तीच, खांदे तेच, याला कोट चढवा." म्हटलं, मला कुठं अभिनय येतो? "काही करू नका हो, नुसतं धक्क्याच्या टोकापर्यंत चाला." आता त्या टोकावरूनच शूटिंगच्या आठ दिवस आधी माझा भाऊ एमील बोट घेऊन गेला होता, आणि बोट परत आली नव्हती. मी गेलो चालत. दुसरं काय करणार?

तेव्हापासून टीव्हीवर ते चष्मेवाले विद्वान, "अहाहा, त्या पाठीत साऱ्या देशाचं दुःख आहे..." देशाचं कसलं डोंबलाचं? एमीलचं होतं ते. आणि पाठ कुणाची? माझी.

मोर्वाल कधी बोलला नाही. दर नाताळला कालवांची टोपली मात्र यायची, चिठ्ठी नाही, काही नाही, म्हणून मीही गप्प. ओदिल म्हणायची, "कालवांच्या बदल्यात भाऊ दिलास." लागायचं ते. म्हणून तो गेल्यावर पुतळा घडवणाऱ्या शिल्पकार बाईंकडे गेलो, सगळं सांगितलं. तिनं मला पाठमोरं चालायला लावलं, दोनदा, आणि म्हणाली, "नाही हो काका, तुमच्या पाठीत ते दुःख नाही." तेव्हापासून झोप नाही मला... खरंच उरलं नसेल तर?

आता दर रविवारी एक फूल नेतो, पुतळ्याच्या पाठीमागं ठेवतो, एमीलसाठी. तर नगरपालिकेची झाडूवाली ते उचलून परत माझ्या हातात देते, "आजोबा, फुलं पुढं ठेवायची, नावाची पाटी तिकडं आहे." वाद कोण घालणार? ठेवतो पुढं. एमीलला सांगून ठेवलंय, बाबा रे, मोर्वालच्या नावापुढं आहे, पण तुझंच आहे, उचलून घे.