नव्वदीचं घराणं

लखनौमध्ये, गोमती नगरच्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात मराठी कानावर पडलं, तशी वसुधाने मोबाइल पर्समध्ये टाकला. पुढच्या बाकावर पन्नाशीचं एक जोडपं बसलं होतं.

"अहो, रोजच्या मक्खन-मलईचंही डॉक्टरांना सांगा हं."

"त्यात काय सांगायचं? आमच्या घराण्यात नव्वदीच्या आत कुणी गेलेलं नाही. बाबा तर शेवटपर्यंत तंबाखू खायचे."

"ते रोज शेतावर चालत जायचे. तुम्ही कोपऱ्यावरच्या सब्जीवाल्याकडे जायला स्कूटर काढता."

"अगं, ते रक्तातच असावं लागतं. चालून काय होतंय?"

"आणि सासूबाई?"

"आईचं काय?"

"त्या पन्नाशीतच गेल्या ना? हार्टनेच."

"ती तिच्या माहेरच्यांवर गेली होती. त्यांच्याकडे सगळे लवकरच जातात."

"आणि तुम्ही कुणावर गेलात?"

"मी बाबांवर. म्हणजे काय!"

"परवा आपल्या अमृताने सासूबाईंचा लग्नातला फोटो पाहिला. म्हणाली, मम्मी, ये तो पापा हैं, साड़ी में."

तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं.

"चला, उठा."

"अगं... ते मलईचं तूच सांग."