जवसाचा निळा

डोळ्यांच्या दवाखान्यात पायल आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी धामणगाव बढ्याच्या गीताबाई होत्या. त्यांची पट्टी नुकतीच सुटली होती आणि दोन वर्षांनी त्यांना नीट दिसू लागलं होतं. त्यांच्याच गावातून सोबत आलेल्या धम्मशीलेनं पिशवीतून रंगवलेल्या सुताची एक लड काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ओळखा बरं, मावशी."

"पळस हाये हा. आपल्या वावराच्या धुऱ्यावरचा."

"हाव. शिमग्यात तिथंच फुलं वेचली." धम्मशीलेनं दुसरी लड काढली. "अन् हा?"

"जवसाच्या फुलाचा निळा! पण यंदा जवस फुलला तवा मले काहीच दिसत नव्हतं वं."

"म्हणूनच तं रंगवला. तीन डाव निळीत बुडवला, वावरात नेऊन फुलापाशी धरला, तवा कुठी जमला. तुमचा एकबी हंगाम वाया जाऊ देला नाही मी. प्रत्येकाची लड बाजूले ठेवली."

"येवढं काऊन केलं माझ्यासाठी?"

"मी नवी नवरी होती तवा मले तुरीचा पिवळा अन् बाभळीचा पिवळा एकच दिसे. धुऱ्यावर उभं करून रंग पाहाले कोणं शिकवलं, मावशी? त्याच्यावरच तं सूत रंगवून माझं घर चालू हाये आज."

गीताबाई सुतावरून हात फिरवत राहिल्या.

तेवढ्यात पायलचं नाव पुकारलं. पिशवीवरची नजर न काढता तिनं मागच्या माणसाला पुढं जायला खुणावलं.

"बाकीच्याबी काढू काय, मावशी?"

"घाई नको करू. एकेक काढ. दोन सालं हायेत माझी त्या पिशवीत."