अल्मोड्याला मिळाली आपली माणसं

नाही, पण मला एक सांगा, माझ्या तोंडावर कुठे लिहिलंय का, की हा माणूस मराठी नाही म्हणून? असेल तर सांगा, धुऊन येतो! अहो, ग्वाल्हेरच्या माधवगंजात जन्म, मल्हारराव नाव, दसऱ्याला घरात शस्त्रपूजा, बायकोशी भांडण मराठीत, आणि इतकं सगळं असून साठी उलटल्यावर, हिमालयात जाऊन, मला ओरडून सांगावं लागलं... अहो, मी मराठी आहे!

झालं काय, आमचा राजवर्धन म्हणाला, "बाबा, इस गर्मी में ग्वालियर में भुन जाओगे, तुम्ही आणि आई अल्मोड्याला जाऊन या, जुनं राजांचं शहर आहे, चारों तरफ पाइनचं जंगल, शांत वाटेल." गेलो! गाडी डोंगरात अशी वळते, अशी वळते, की आमच्या विजयाबाईंनी मुरारच्या गणपतीपासून सगळ्या देवांना नवस बोलून टाकले. पोचलो एकदाचे. लॉजचे मालक पंतजी, सज्जन माणूस, आणि जेवायला बसतो तर शेजारच्या टेबलावरून आवाज, "अगं, वरणाला चव नाही गं इथे!"

तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं! परमुलखात मराठी! ताट हातात घेऊन तसाच गेलो, म्हटलं, "वा, वा! इथे आपली माणसं मिळाली!" पुण्याच्या शांताताई, त्यांची अख्खी भिशी सोबत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाळाने पहिलं पाऊल टाकल्यावर बघतात ना, तसं! "अय्या, किती छान मराठी बोलता हो तुम्ही! कुठे शिकलात?"

शिकलात? म्हटलं, "घरी." तर म्हणतात, "घरी शिकवायला कोण येतं?" अहो, आई यायची! स्वयंपाकघरातून, लाटणं घेऊन! म्हटलं, बाई, आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनमधून आले, घोड्यावर बसून आले, शिकवणी लावून नाही आले... अहो, मी मराठी आहे! तर त्या शेजारणीला म्हणतात, "बघ, यूपीचे असून किती अभिमान आहे." यूपी! ग्वाल्हेर यूपीत नेऊन टाकलं बाईंनी, फोडणीत मोहरी टाकावी इतक्या सहज!

पण थांबा, खरी आग पुढेच आहे. पंतजी पोळ्या वाढायला आले आणि हात जोडून म्हणाले, "बहनजी, हमारे पुरखे भी कोंकण से ही आए थे, ऐसा बुजुर्ग कहते हैं. कई सौ साल हो गए." बस! शांताताई उभ्याच राहिल्या! "अगंबाई! म्हणजे तुम्ही आपले!" लाडवाचा डबा काय उघडला, लाडू काय दिला, दुसरा काय दिला! पंतजींना मराठीचा एक शब्द येत नाही हो, "नमश्कार" पण असा श घालून म्हणतात, आणि ते आपले! आणि मी, मघापासून मराठीत ठणाणा करून राहिलोय, तो मी कोण? मला लाडू नाही!! विजया म्हणते, "जाऊ द्या ना, घरी करीन." अगं, लाडवाचा प्रश्न नाहीये! ...म्हणजे, आहे थोडा.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून जंगलात. पाइनला तिकडे चीड म्हणतात, मला अगोदरच आली होती! काय ती उंच उंच झाडं, काय तो वास, समोर बर्फाचे डोंगर, मी काही पाहिलं नाही. मी मनातल्या मनात पुरावे जमवून राहिलो होतो! आणि त्या झाडांची काड्यांसारखी पानं, वाळून खाली गालिचा झालेला, तेलकट, गुळगुळीत... माझा पाय सटकला, धाडकन पडलो, थेट उतारावर घसरत चाललो, आणि तोंडातून काय निघालं? "आई गं! मेलो मेलो मेलो!" ऐकलंत? पडताना माणूस भाषा निवडत बसत नाही! म्हटलं, कंबर गेली तर गेली, पण आता तरी बाईंची खात्री पटली!

शांताताई वरून काय म्हणाल्या? "बघा गं! पडतानासुद्धा मराठी! किती सराव केलाय बिचाऱ्यांनी!"

आता बोला! मला पंतजींनी हात देऊन वर ओढलं, अंगभर काड्या, कंबरेत सणक, आणि तेवढ्यात शांताताईंच्या मनात आलं, फोटो! सगळ्या भिशीला झाडाखाली उभं केलं, आमच्या विजयाला बाजूला सारून पंतजींना मधोमध घेतलं, आणि आपला मोबाइल माझ्या हातात देऊन मला म्हणतात, "भैयाजी, हम सब मराठी लोगों का एक फोटो काढो ना!"

फोटो काढो!

मी मोबाइल धरून उभा. अहो, मी मराठी आहे, असं ओठांपर्यंत आलं होतं. पण मराठीत बोललो असतो तर परत कौतुक झालं असतं, आणि हिंदीत बोललो असतो तर सिद्धच झालं असतं! मग काय करतो? असं हसा, अशा खुणेने नुसते दात विचकून दाखवले, ते सगळे हसले, आणि मी बटण दाबलं.