तपासणीचे पैसे

वहिनी : एका स्विचचे एवढे? सोन्याचं पाणी चढवलंय की काय त्याला?

वायरमन : वहिनी, गिझरचा स्विच आहे हा. साधा टाकला तर आठ दिवसांत पुन्हा ठिणग्या उडतील. मग मलाच फोन कराल, ‘काय लावून गेलात?’ म्हणून.

वहिनी : करणारच. येण्याचे वेगळे, बघण्याचे वेगळे, बसवण्याचे वेगळे. उद्या जिना चढताना दम लागला, त्याचेही लावा.

वायरमन : चार मजले आहेत. लावायला हरकत नाही.

वहिनी : बघा! मी गमतीत म्हणते आणि तुम्ही लगेच हिशोबाला बसता. अकरा वर्षं येताय या घरात. ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून कधी एक पैसा सोडला नाहीत.

वायरमन : तुम्ही सोडू कुठे देता? मी सोडायच्या आधीच तुम्ही काढून घेता. बरं, ते शेजारचे काका नेहमीच असे असतात का? जिन्यात अंधार होता म्हणून दिवा लावला, तर दार उघडून अंगावरच आले. ‘दिवसाढवळ्या दिवा कशाला? डोळे नाहीत का?’

वहिनी : फ्यूजकाका! भेटले का? अहो, नाव मीच ठेवलंय. आता सगळी बिल्डिंग तसंच म्हणते. सदा उडालेले. कुणाच्या घरचं पार्सल घेणार नाहीत, हसून बोलणार नाहीत. मुलांनी जिन्यातला दिवा चालू ठेवला की पार दारापर्यंत ओरडत येतात. मागे सासूबाई जिना चढत होत्या, तर यांनी खटकन दिवा बंद केला. पडल्या असत्या म्हातारपणी! मी काय सोडते की काय? चांगलं चारचौघांत सुनावलं. म्हटलं, काका, पैसे काय वर घेऊन जाणार आहात?

वायरमन : मग?

वहिनी : मग काय, गेले दार लावून. तुम्ही मेन बंद करा आणि लागा कामाला. आणि नीट बंद करा.

वायरमन : केलाय केव्हाच. पंखा थांबलाय, बघा ना.

वहिनी : पंखा थांबलाय, पण गिझरचा लाल दिवा लागलाय.

वायरमन : उगाच काहीतरी. मेन बंद असताना कसा लागेल?

वहिनी : मी काय आंधळी आहे? या इकडे, स्वतःच बघा. धड एक मेन बंद करता येत नाही आणि पैसे मागायला पुढे!

वायरमन : अरेच्चा.

वहिनी : अरेच्चा काय?

वायरमन : वहिनी, तुम्ही इथंच उभ्या राहा. दिव्यावर नजर ठेवा. मी बाहेर मीटरपाशी जातो. ... आता?

वहिनी : आहे!

वायरमन : आता?

वहिनी : आहे हो, तस्साच आहे.

वायरमन : आणि आता?

वहिनी : गेला! गेला दिवा. जमलं शेवटी. काय केलंत?

वायरमन : दार लोटून घेतो जरा.

वहिनी : दार कशाला लोटताय? आणि हातात काय आहे ते?

वायरमन : फ्यूज. काकांचा.

वहिनी : काकांचा फ्यूज कशाला काढलात? आत्ता येतील ना तणतणत!

वायरमन : तुमच्या बाजूचं मी काहीच केलं नाही, वहिनी. त्यांचा फ्यूज काढला आणि तुमचा गिझर बंद पडला.

वहिनी : म्हणजे काय? मला कळेल असं बोला.

वायरमन : तुमचा गिझर त्यांच्या मीटरवर चालतो.

वहिनी : काहीतरीच. कधीपासून?

वायरमन : बसवला तेव्हापासून.

वहिनी : तुम्हीच बसवलात तो.

वायरमन : हो. मीच.

वहिनी : थांबा. थांबा जरा. म्हणजे अकरा वर्षं आमच्या आंघोळी काकांच्या पैशांनी?

वायरमन : आंघोळी, भांडी, कपडे. गरम पाणी म्हणून जे जे लागलं ते सगळं.

वहिनी : अहो, आम्ही पाच माणसं आहोत! सकाळी सहाला लावते तो दहापर्यंत चालू असतो. कितीदा तर मी बंदच करत नाही. आमचं बिल कमी येतं ना, मग कशाला बंद करायचा? मी सगळ्यांना दाखवत होते ते बिल. संसार कसा करावा ते माझ्याकडून शिका म्हणत होते. काकांनाही दाखवलंय, वायरमन! ते एकदा विचारायला आले होते, तुमचं किती येतं म्हणून. मी बिल नाकासमोर धरलं आणि म्हटलं, काका, वापर जपून करावा माणसानं.

वायरमन : काय म्हणाले?

वहिनी : काही नाही. चष्मा लावून आकडा वाचला आणि ‘बरं’ म्हणाले. ... तुम्ही केलंत कसं हे? डोळे मिटून वायर जोडली होती का?

वायरमन : वायरी जोडायचा डबा तुमच्या बाथरूमच्या भिंतीत होता. भिंत दोन्ही घरांची सामायिक. मला वाटलं, डबा या बाजूला आहे तर वायरही याच घरची असणार.

वहिनी : वाटलं? तपासायचं नाही?

वायरमन : वहिनी, आठवा जरा. मी तुम्हाला कागदावर लिहून दिलं होतं. मीटरपासून स्वतंत्र वायर, मजुरी, शेवटी तपासणी. वायरचा आकडा बघून तुम्ही म्हणालात, ‘गिऱ्हाईक बघून वायर लांबवता तुम्ही लोक. जवळून कुठून तरी घ्या.’ आणि तपासणीवर तर पेनानं काट मारलीत. ‘स्वतःचंच काम तपासायचे कसले पैसे?’

वहिनी : मी काट मारली म्हणून तपासायचं नाही?

वायरमन : तपासायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण राग आला होता मला. म्हटलं, नाही ना द्यायचे? मग मी पण नाही तपासत. हलकं पाकीट घेऊन जिना उतरलो आणि विसरून गेलो. आज तो लाल दिवा बघितला आणि सगळं आठवलं.

वहिनी : काय करायचं आता?

वायरमन : एक सांगू? दहा मिनिटांचं काम आहे. ही जोडणी तोडतो, तुमच्या मेनवर घेतो. काकांचा फ्यूज परत लावतो. पुढच्या महिन्यात त्यांचं बिल उतरेल. ते खूश. विषय संपला.

वहिनी : आणि मागचं?

वायरमन : मागचं कुणाला माहितीये? तुम्हाला आणि मला.

वहिनी : त्यांना कळणार नाही?

वायरमन : कसं कळेल? त्यांनी तर वीज ऑफिसात अर्ज करून मीटर तपासून घेतला होता. मागे इथं कामाला आलो होतो तेव्हा मीच बघितलंय, ऑफिसची माणसं आली होती. मीटर चोख आहे म्हणून सांगून गेली. मीटर चोखच होता.

वहिनी : याचे किती घ्याल?

वायरमन : याचे नको.

वहिनी : नको?

वायरमन : नको. स्विचचेही नको.

वहिनी : अकरा वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही पैसे नको म्हणताय. त्याचीच भीती वाटतेय मला.

वायरमन : मलाही कुठे बरं वाटतंय? पण सांगून काय होणार? ते चार लोकांत तमाशा करतील. तुमच्याकडून सगळे पैसे मागतील, माझं नाव वाईट होईल. कोण बोलावेल मला मग?

वहिनी : पाच माणसांचं अकरा वर्षांचं गरम पाणी. हे ऐकलं तर आमचे हे डोक्याला हात लावतील. थोरलीची फी भरायचीय. ... करा. करून टाका पटकन. नाही, थांबा. नाही, कराच. देवा, मला काही सुचत नाहीये.

(दारावरची बेल वाजते. एकदा, मग लांबलचक.)

काका : माझ्या घरातली वीज गेलीय. फक्त माझ्या. आणि हा माणूस माझ्या मीटरपाशी उभा होता, मी दाराच्या भिंगातून बघितलंय.

वायरमन : लोड बघत होतो काका. सगळ्या मजल्याचाच. आत्ता लावतो तुमचा फ्यूज.

काका : कुणाला विचारून काढलास? माझ्या वस्तूला हात लावायचा तर आधी दार वाजवायचं. एवढी रीत नाही?

वायरमन : चुकलं, काका.

काका : चुकलं म्हणजे झालं. तुमच्या घरी काम काढलंत बाई, तर निदान सांगावं शेजाऱ्याला.

वहिनी : हो. सांगायला हवं होतं.

काका : ऐक रे. तू वायरमन आहेस ना? आलाच आहेस तर माझं एक काम करशील?

वायरमन : मी? तुमचं?

काका : माझं बिल जास्त येतं. वर्षानुवर्षं येतं. मी एकटा माणूस. दोन दिवे आणि एक पंखा, तोही उन्हाळ्यात. थंड पाण्यानं आंघोळ करतो. रात्री चारदा उठून बटणं बघतो. मला वाटायला लागलं, मीच काही चालू ठेवून विसरतोय. डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, आजोबा, डोकं ठणठणीत आहे. म्हणून म्हटलं, तू एकदा घर तपासून दे. तपासायचे काय होतील ते घे. मी घासाघीस करत नाही.

वायरमन : बघू. बघू की. पुढच्या आठवड्यात येतो.

काका : नक्की? ये हं. आगाऊ देऊ का काही?

वहिनी : काका, आत या. बसा.

काका : कशाला? मी बसायला आलो नाही.

वायरमन : वहिनी, राहू द्या ना. मी बघतो म्हटलं ना त्यांना.

वहिनी : तुम्ही गप्प बसा. काका, तुमचं डोकं खरंच ठणठणीत आहे. तुमच्या घरात काही चालू राहत नाही. आमचा गिझर तुमच्या मीटरवर लागलाय.

काका : काय म्हणालात?

वहिनी : आमचा गिझर. भिंतीतल्या डब्यातून वायर चुकीची जोडली गेली. आत्ता कळलं, पाच मिनिटांपूर्वी. आणि कळल्यावरही मी सांगणार नव्हते, काका. तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा आम्ही गुपचूप बदलायच्या गोष्टी करत होतो. लाज वाटतेय मला तुमच्यासमोर उभं राहायची.

वायरमन : जोडणी माझी होती, काका. तपासली नाही मी.

वहिनी : कारण तपासणीचे पैसे मी कापले होते. आणि वर तुम्हालाच शहाणपण शिकवलं, वापर जपून करा म्हणून. नावं ठेवली. मुलांसमोर ठेवली.

काका : फ्यूजकाका. माहितीये मला.

वहिनी : मी सगळे पैसे देईन. एकदम नाही जमणार, पण दर महिन्याला देईन. तुम्ही म्हणाल तेवढे.

काका : कधीपासून?

वहिनी : अकरा वर्षं झाली.

काका : नीट सांगा. अकरा म्हणजे कधी?

वहिनी : धाकटी तेव्हा सहा महिन्यांची होती. तिच्या आंघोळीसाठी तर घेतला गिझर. तुम्ही बघायला आला होतात तिला. दोघंही आला होतात.

काका : टोपडं आणलं होतं हिनं. पिवळं. म्हणजे ही होती तेव्हा.

वहिनी : हो. काकू होत्या.

काका : नंतर सात वर्षं होती. सात वर्षं आणि वर काही दिवस.

वायरमन : काका, पाणी देऊ का?

काका : आमच्याकडेही गिझर होता. हिच्या गुडघ्यांना गरम पाण्यानं बरं वाटायचं. बिल आलं की मी हिला समोर उभी करायचो. गिझर चालू ठेवलास तू. ती म्हणायची, ‘बंद केलाय हो, आईशपथ बंद केलाय.’ मी म्हणायचो, मग मीटर काय हौसेनं पळतोय?

वहिनी : नका ना सांगू, काका.

काका : तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आता तुम्ही ऐका. बटणावर चिठ्ठी चिकटवली मी. मग आठवड्यातून दोनदाच गरम पाणी, असा नियम केला. तिनं तोही पाळला. बिल उतरलं ते नावाला. मी म्हटलं, माझ्या पाठीमागे लावतेस. पाहुण्यांसमोर म्हटलं. लेकीसमोर म्हटलं. मग हिनं वादच सोडून दिला.

वायरमन : काका, चूक माझी हो. तुमची नाही.

काका : तू थांब जरा. शेवटी दवाखान्यात हिला बोलायला दम पुरत नव्हता, तरी हेच काढलं. म्हणाली, ‘माझ्याकडूनच राहत असेल चालू. मीच विसरत असेन. मनात ठेवू नका.’

वहिनी : काका...

काका : आणि मी तिला माफ केलं, बाई. हात हातात घेऊन माफ केलं.