सिद्धूच्या बोलण्याची फाइल

बनाबाई : काय गं, अडकलं का परत?

उत्कर्षा : अडकलं. सिद्धूदादाची फाइल उघडायला घेतली की लॅपटॉप मान टाकतो. एवढं मोठं त्याला एकदम पेलत नाही, आई.

बनाबाई : मोबाइल घिऊन दोन वर्सं मेंढरामागं हिंडला त्यो. समदं बोलणं हाय त्यात, म्हणलीस न्हवं?

उत्कर्षा : सगळं आहे. त्याला धड लिहिता येत नव्हतं, म्हणून मीच मोबाइलमध्ये ते ॲप घालून दिलं. आपण बोलायचं, ते लिहून घेतं. कुठली मेंढी व्याली, कुणाला औषध पाजलं, एवढंच सांगायचं होतं त्याला. पण एकदा बटण दाबलं की गडी बंद करायचं विसरायचा. दिवसभर चालूच.

बनाबाई : आवाज न्हाई का कुठं त्याचा?

उत्कर्षा : आवाज ठेवत नाही गं ते. नुसती अक्षरं.

बनाबाई : मग अक्षरं वाच.

उत्कर्षा : तेच करतेय. आतापर्यंत अख्खी फाइल एकदम आत घ्यायला बघत होते. आता प्रोग्रॅम बदललाय. एक ओळ घ्यायची, वाचायची, सोडून द्यायची, मग दुसरी. वाघरीच्या जाळ्याचं तोंड जरासं उघडून तू एकेक मेंढरू बाहेर घेतेस ना, तसं.

बनाबाई : लय येळ लागंल की.

उत्कर्षा : मोठाले तुकडे घेतले तर लवकर होईल. पण तुकडा जिथं तुटतो तिथं शब्दही मधनंच तुटतो. निम्मा इकडं, निम्मा तिकडं. मग शोधलं तरी सापडत नाही.

बनाबाई : मग नगं. त्याचं बोलणं तोडू नगंस.

उत्कर्षा : तसं फाइलीच्या शेवटावर थेट उडी मारता येते. तेच सगळ्यात सोपं. पण माझा हातच होत नाही.

बनाबाई : शेवटचंच तर पायजे मला. जोडीचा बिराप्पा गाडी आणाय गेला आन् ह्यो शिराळ्याच्या माळावर तापात एकटाच पडलेला. जीव जाताना काय म्हणला, कुणाची सय काढली, कुणाला ठावं हाय?

उत्कर्षा : आधी तुला मारलेली हाक शोधते. ती सापडली की मग शेवट बघू.

(प्रोग्रॅम ओळीमागून ओळ वाचत जातो.)

बनाबाई : झालं का?

उत्कर्षा : झालं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

बनाबाई : मग? किती डाव म्हणला?

उत्कर्षा : आई...

बनाबाई : सांग की.

उत्कर्षा : एकदाही नाही. ‘आई’ हा शब्दच नाही फाइलीत.

बनाबाई : बरं.

उत्कर्षा : तू मनाला लावून घेऊ नकोस.

बनाबाई : खरंच आसंल त्ये. तुला मी शाळंत धाडलं आन् त्याच्या खांद्यावर घोंगडं दिलं. तोंडानं कवा बोलला न्हाई, पर पोटात राग ठिवला आसंल. बंद कर त्ये.

उत्कर्षा : राग कसला, आई? ऐक, त्याच्याच ओळी वाचते. ‘काळी मेंढी लय द्वाड हाय.’ ‘आज वारं लय हाय.’ रागाचं एक अक्षर नाही ह्यात.

बनाबाई : आन् तू शोधलंस काय? ‘आई’? त्यानं मला आई कवा म्हणलं? आई तू म्हणतीस, शिरवळला नोकरीला लागल्यापासनं. त्यो आये म्हणायचा.

उत्कर्षा : थांब. ‘आये’ टाकते.

बनाबाई : घावलं?

उत्कर्षा : नाही. तेही नाही.

बनाबाई : ऱ्हाऊ दे मग. जेव तू.

उत्कर्षा : एक मिनिट. ह्यात ‘आहे’ मात्र लय ठिकाणी दिसतंय. दादा कधी ‘आहे’ म्हणायचा का गं?

बनाबाई : त्यो? जल्मात न्हाई. गुर्जींनी छडी मारली तरी हायच म्हणायचा.

उत्कर्षा : मग हे ऐक. ‘आहे, भाकरी करपली बघ.’ ‘आहे, हितं लय थंडी हाय.’ ‘आहे, तुझ्या गुडघ्याला तेल घेतलंय.’ ‘आहे, उत्कीला नोकरी लागली, पेढा खाल्लास का?’

बनाबाई : म्हंजी?

उत्कर्षा : ॲपला शहरातली मराठी शिकवलेली. ‘हाय’, ‘हितं’ कसंबसं पकडलं त्यानं, पण ‘आये’ त्याला कळलंच नाही. दर वेळी आपल्या मनानं सुधारून ‘आहे’ लिहीत बसलं.

बनाबाई : म्हंजी त्या मला हाका हाईत?

उत्कर्षा : सगळ्या तुलाच. माळावर एकटा असला की तुझ्याशीच बोलायचा तो. ओळी अजून येतायत बघ, थांबतच नाहीत.

बनाबाई : आता शेवटची वाच.

उत्कर्षा : नको, आई.

बनाबाई : वाच. मी हाय न्हवं शेजारी.

उत्कर्षा : ‘आहे, पाणी.’

बनाबाई : माझ्यापाशी मागत हुता. आन् मी हितं वडूजच्या बाजारात.

उत्कर्षा : त्याच्यानंतर एकच ओळ आहे. नुसतं ‘आहे’. तिथं फाइल संपते.

बनाबाई : लिव्हलंय तसं वाचू नगंस. त्यो म्हणायचा तसं वाच.

उत्कर्षा : आये.

बनाबाई : व्हय रं. हितंच हाय मी.